दोन्ही टोकं

सकाळी पावणेसातला रेहाना मजगावकरचा फोन :
"नेट गेलंय. लिलाव चालू आहे. सुरमईच्या चौदा पाट्या
कागदावर लिहितेय, कागद भिजलाय. ये."

नेट गेलं नव्हतं.
नेट म्हणजे खाडीच्या मुखापलीकडचं.
इथे तर रेहानाच्या टेबलावरून
दहा पावलांवरच्या प्रिंटरलाही काही पोचत नव्हतं.
मच्छीमार सोसायटीच्या भिंतीवर, भरती-ओहोटीच्या तक्त्याखाली,
स्विचचे सगळे हिरवे दिवे एकदम लपलपत होते.
शहाणा स्विच असा लपलपत नाही.
तो एकेक डोळा मिचकावतो, ज्याचं त्याला देतो.

दारात बाबुली तांडेल जाळं सांधत बसलेला.
"तुजा जाळा नि माजा जाळा, फरक काय गो?"
म्हटलं, काका, तुमच्यातून काही सुटता नये.
माझ्यातून सगळं सुटायला हवं,
आणि नेमक्या दारात जायला हवं.
सुई दातांत धरून तो हसला. पटलं का, कळलं नाही.

मी वायरी चाचपत होते, तो विचारत होता.
सांगितलं, की मोठा मजकूर अख्खा जात नाही,
तुकडे होतात, एकेक तुकडा एकेका पाटीत,
पाटीवर कोणाकडून, कोणाला. आणि क्रमांक,
कारण वाटेत पाट्या मागेपुढे होतात.
आधी इथे हब होता, निव्वळ दवंडीवाला :
रेहानाचा हिशेब बर्फाच्या कारखान्यालाही ऐकवायचा.
स्विच तसा नाही. अनोळखी नाव आलं
तरच सगळ्यांना हाक मारतो, "अमका कोण रे?"
कोण कुठल्या भोकातून बोललं ते ध्यानात ठेवतो.
पाच मिनिटं कोणी गप्प राहिलं, तर विसरतोही.

"आणि कोणीच 'मी' म्हटला नाय तर?"

तर हाक तिथेच विरते, काका.
विरायला हवी.

खाऱ्या हवेने दोन पिना हिरव्या झालेल्या, त्या कापल्या.
पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा,
पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी.
आठ तारा, दोन-दोनांना पीळ,
सुंभासारखा, पण ताकदीसाठी नव्हे :
एकीत शिरलेला बाहेरचा गोंगाट
दुसरीतल्या गोंगाटाने वजा व्हावा म्हणून.
नवी पिन दाबली. दिवे तसेच. लप लप लप.

मग ती राखाडी वायर दिसली.
पाचव्या भोकातून निघालेली,
अर्धं वेटोळं घेऊन
अकराव्या भोकात शिरलेली.

लवू कोयंडे झाडू टेकवून उभा.
"झाडताना पायात येयत होती.
मोकळा भोक दिसला, म्हणान खोचलंय."

लोंबणारं टोक, रिकामं भोक.
मीही खोचलं असतं.
पण स्विचला वाटलं पलीकडे कोणीतरी आहे.
हाक पाचातून गेली, अकरातून आत आली,
त्याने ती नवी समजून पुन्हा सगळ्यांना मारली,
पुन्हा पाचातून, पुन्हा अकरातून,
आपलाच आवाज, आपल्यालाच, रात्रभर,
बाकी कोणाला बोलायला जागाच उरली नाही.

परगावी निघालेल्या पाटीवर आयुष्याचा आकडा असतो,
प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो,
शून्य झालं की पाटी समुद्रात.
घरातल्या हाकेवर तो आकडा कोणी लिहिलेला नाही.
बनवणाऱ्यांना वाटलं असेल,
घरातल्या घरात कोण भरकटणार?

अकरातलं टोक उपसलं.
दिवे दचकले, थांबले,
मग एक इथे, एक तिथे.
प्रिंटरने चौदा पाट्यांची पावती काढली,
तीच पावती आणखी सहा वेळा,
रेहाना त्याला आमच्यासमोर काय काय बोलली.

परवा पुन्हा गेले होते, वजनकाट्याची वायर ओढायला.
राखाडी टोक खिळ्याला सुंभाने बांधलेलं,
त्यावर पुठ्ठा, लवूचं वळणदार अक्षर :
'ही लोंबूक व्हयी.'